दुखत नसेल तेव्हा या

दर वाढदिवसाला माझ्या मोबाइलवर एका दातांच्या दवाखान्याचा संदेश येतो. फुगे, केक आणि खाली 'मुस्कुराते रहिए'. त्या दवाखान्यात मी एकदाच पाऊल ठेवलं होतं, तेही एका स्नेह्याला सोबत म्हणून. त्याच्या जबड्यात त्यांनी दोन इम्प्लांट बसवले. मी नुसता बाहेर बसलो होतो, तर माझी जन्मतारीख लिहून घेतली. ज्याच्या हाडात स्क्रू पिळले, त्याला मात्र नंतर एकदाही कुणी विचारलं नाही की बाबा, हिरडीतून रक्त येतं का, चावताना काही हलतं का. मी स्वतः दातांचा डॉक्टर आहे, म्हणून मला हे जास्त झोंबतं. तो संदेश आला की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मला पागनीस मॅडम आठवतात.

डॉ. वत्सला पागनीस. उज्जैनला फ्रीगंजमध्ये, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. शिकून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी तिथलीच. नव्वदीची वर्षं होती. गावात रोज काहीतरी नवीन यायचं, आणि जे येईल ते परदेशी म्हणून चांगलंच असणार अशी सगळ्यांची खात्री होती. मॅडम तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. ठेंगणी मूर्ती, आई-आजीची नऊवारी मागे टाकून नेसलेली सुती पाचवारी, वर पांढरा डगला आणि डगल्याच्या खिशात कायम एक छोटी बॅटरी. त्यांचे पूर्वज सरदारांच्या पदरी पागेचा हिशेब ठेवायला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, पेशंटशी हिंदी आणि रागावल्या की दोन्ही एकदम, असा मॅडमचा खाक्या होता. रागावलेल्या त्या बहुतेक वेळ असायच्याच.

राग एकाच गोष्टीचा. काम करून घेतलेली माणसं परत तोंड दाखवायला येत नाहीत, याचा.

"दुखायला लागल्यावर आलात तर मी डॉक्टर नाही, हमाल आहे," त्या म्हणायच्या. "मग फक्त उचलून बाहेर टाकायचं काम उरतं माझ्याकडे. दुखत नसेल तेव्हा या."

आता दुखत नसताना डॉक्टरकडे कोण जातं? आमच्या गावात तर तो अपशकुन. वर डॉक्टरनं स्वतःहून बोलावलं की लोकांना वाटायचं, धंदा मंदा दिसतोय. मॅडमना हे ऐकू येत नसे असं नाही. ऐकून त्या अधिकच चिडायच्या आणि अधिकच बोलवायच्या.

एकदा माधवनगरमध्ये एका लग्नाच्या जेवणात त्यांनी बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांना गाठलं. साहेबांच्या हातात जेवणाची थाळी, शेजारी व्याही. मॅडमनी नमस्कार वगैरे काही केला नाही.

"वर्ष होऊन गेलं. का आला नाहीत?"

"मॅडम, एकदम फर्स्ट क्लास आहे. काहीच त्रास नाही."

"मी त्रास विचारला का? का आला नाहीत ते विचारलं. आ करा."

आणि खिशातून बॅटरी काढून त्यांनी मांडवाच्या खांबाजवळ त्या माणसाचं तोंड बघितलं. व्याही हातात जिलबी धरून उभे. साहेब पुढे महिनाभर मॅडमच्या नावानं बोटं मोडत होते, पण सोमवारी सकाळी दवाखान्याच्या जिन्यावर पहिले तेच होते.

या सगळ्यावर मॅडमनी एक तोड काढली होती, तशी मी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही. पितृपंधरवड्यात आमच्या गावात कुणी नवं काही करत नाही. कपडा घेत नाहीत, घर बघत नाहीत, आणि नवे दातही बसवत नाहीत. बाकीचे डॉक्टर त्या दिवसांत दवाखान्याला रंग काढायचे किंवा गावाला जायचे. मॅडमनी तो पंधरवडा जुन्या पेशंटना देऊन टाकला. "नवं करायचं नाही ना तुम्हाला? मग जुनं दाखवा," असं एकदा सांगितलं की कुणाला नाही म्हणायला तोंडच उरायचं नाही. श्राद्धाच्या तिथीसारखी लोकांना ती तपासणी लक्षात राहू लागली. सकाळी घरी पान वाढायचं आणि संध्याकाळी फ्रीगंजला जाऊन शिव्या खायच्या. मॅडम फुकट बघायच्या. चहासुद्धा द्यायच्या, मात्र त्याआधी चूळ भरायला लावायच्या.

या व्यवस्थेत एकच माणूस बसत नव्हता, ते म्हणजे नारायण गुरुजी. कारण पितृपंधरवडा हाच त्यांचा हंगाम.

गुरुजी क्षिप्रेच्या घाटावर श्राद्धकर्म चालवायचे. महाराष्ट्रातून येणारी कितीतरी घरं त्यांच्याकडे पिढीजात होती. अंगानं काटक, स्वभावानं गोड आणि भिडस्त. खालचे दात लवकर गेले, म्हणून मॅडमनीच त्यांना कवळी करून दिली होती. पण खालच्या जबड्याचं हाड झिजत गेलं आणि कवळी बसेना. मंत्र म्हणताना ती उचलायची. एका वर्षी नाशिककडच्या एका यजमानानं पिंड हातात धरूनच विचारलं, "गुरुजी, माझ्या वडिलांचं नाव सदाशिव. तुम्ही काय म्हणालात?" गुरुजींनी पुन्हा म्हटलं, पुन्हा कवळी उचलली. तो माणूस रडत होता आणि चिडलाही होता. पुढच्या वर्षी ते घर दुसऱ्या गुरुजींकडे गेलं.

गुरुजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "डॉक्टर, पैशाचं सोडा. पण माणूस इतकी दूरहून येतो, बापाचं नाव घ्यायला. आणि ते नावच माझ्या तोंडून फिसलून जातं. मग मी तिथं बसायचंच कशाला?"

त्याच सुमारास फ्रीगंजमध्ये काचेच्या दाराचं एक सेंटर उघडलं. आधी तोच मालक टायरची एजन्सी चालवायचा. मुंबईचे एक मोठे सर्जन महिन्यातून एका रविवारी यायचे आणि जबड्यात स्क्रू बसवून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. भिंतीभिंतीवर पोस्टरं लागली. 'लाइफटाइम दांत.' गुरुजींचा मुलगा गावातच, नानाखेड्याला राहायचा, नोकरीत चांगला जम बसलेला. त्यानं हौसेनं वडिलांना तिथं नेलं. खालच्या जबड्यात चार खुंट बसले, आणि काही महिन्यांनी त्यांच्यावर स्क्रूनं घट्ट कसलेली दातांची अख्खी ओळ.

खरं सांगायचं तर काम सुंदर झालं होतं. मॅडमनी स्वतः तसं म्हटलं. गुरुजी घाटावर बसले की त्यांचा स्वच्छ उच्चार वरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू यायचा. नाशिकचं ते घरही परत आलं. गुरुजी पेढे घेऊन दवाखान्यात आले, मॅडमच्या पाया पडायला वाकले.

मॅडमनी पेढा बाजूला ठेवला. "पुढच्या तपासणीला कधी बोलावलंय?"

"बोलावलं नाही. सर्जनसाहेब म्हणाले, अब भूल जाइए. समझिए आपके ही दांत हैं."

"भूल जाइए?" मॅडमचा आवाज चढला. "जन्मापासून तोंडात असलेले दात विसरलात म्हणून तर हे बसवायची पाळी आली ना? हेही विसरा आता. आ करा."

ओळीच्या खाली, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत, पिवळा थर जमला होता. गुरुजी दात घासतच नव्हते. कवळी असताना ती काढून धुवायचे. आता काढता येत नाही, म्हणून नुसती चूळ. वर त्यांचं तर्कशास्त्र तयार होतं. "मॅडम, हे तर मेटल आहे. मेटलला कीड थोडीच लागते."

"मेटलला नाही लागत. तुमच्या हाडाला लागते ना. खुंट शाबूत राहील आणि तो ज्यात रोवलाय ते हाड सडेल. मग तो खुंट काय देव्हाऱ्यात ठेवणार?"

त्या फटीतून फिरवायचा जाड दोरा तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हता. मॅडमनी कपाटातून विणकामाची पांढरी लोकर काढली. गुरुजी मागे सरले. सूत चाललं असतं, पण भलतंच काही तोंडात घालून परत मंत्र म्हणायचे, हे त्यांना रुचेना. मॅडमनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "धाबळी नेसता ना पूजेला? सोवळ्यात लोकर चालते आणि दातात चालत नाही?" मग आरशासमोर बसवून मॅडमनी त्यांच्याकडून लोकरीचा धागा प्रत्येक खुंटाभोवती फिरवून घेतला. पहिल्या दिवशी रक्त आलं, गुरुजी घाबरले. "रक्त धाग्यानं नाही आलं, घाणीनं आलं," मॅडम म्हणाल्या. थर काढायला त्यांनी पोलादी हत्यार वापरू दिलं नाही. खुंटावर ओरखडा उठला तर त्या ओरखड्यात पुन्हा घाण बसते, म्हणून प्लास्टिकचं हत्यार मागवलं आणि ते माझ्या हातात देताना दोनदा दरडावलं.

दीड-दोन वर्षं बरी गेली. मॅडमच्या धाकानं गुरुजी श्रावणात येऊन तपासून जायचे. मग एका वर्षी आषाढातच आले, ते गालावर हात ठेवून. ओळ डाव्या बाजूला किंचित हलत होती. आतला एक स्क्रू सैल झाला होता. एवढंच. कसला की काम संपलं. पण कसायला चावी लागते, आणि दर कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं. ती चावी मॅडमकडे नव्हती, सेंटरकडेही नव्हती. सर्जन ती आपल्या बॅगेत आणायचे आणि बॅगेतच परत न्यायचे.

"सर अगले महीने आएँगे," सेंटरवाल्यानं सांगितलं. पुढच्या महिन्यात सर आले नाहीत. त्यानंतरच्या महिन्यात आले, तेव्हा सेंटरनं दुसऱ्याच कंपनीचा माल सुरू केला होता आणि सरांच्या बॅगेत दुसऱ्याच चाव्या होत्या. मॅडमनी मुंबईला फोन लावले. पहिल्या कंपनीचा एजंट म्हणाला, आता आम्ही तो माल ठेवत नाही. त्यानं ज्याचं नाव दिलं तो म्हणाला, वह मॉडल तो बंद हो गया मैडम, नया बहुत बढ़िया आया है. मॅडमनी रिसीव्हर आपटला. त्या वर्षांत सगळंच असं झालं होतं. मिक्सर बिघडला, नवा घ्या. घड्याळ बंद पडलं, नवं घ्या. पण जबड्यात रोवलेला खुंट काढून नवं मॉडेल कुठं लावायचं, हे त्या एजंटाला कुणी विचारायचं? मॅडमनी विचारलं. त्यानं फोन ठेवून दिला.

कुणीतरी सुचवलं, फ्रीगंजात घड्याळजी आहेत, बारीक पेचकस असतात त्यांच्याकडे. मॅडम अशा भडकल्या की सुचवणारा जिना उतरून गेला. चुकीच्या पेचकसानं डोकं झिजलं तर स्क्रू आतच अडकणार, मग सगळंच कापून काढावं लागणार. हे त्या गुरुजींना समजावत होत्या आणि गुरुजी मान डोलावत होते. सैल ओळीखाली अन्न अडकत होतं आणि हिरडी सुजायला लागली होती.

त्याच दिवसांत सेंटरचा वर्धापनदिन हॉटेलात साजरा झाला. सर्जनना शाल-श्रीफळ दिलं. गावातल्या सगळ्या डॉक्टरांना आमंत्रण होतं, मीही मॅडमच्या शेजारी बसलो होतो. भाषण झालं, सर्जननी मोठ्या मनानं विचारलं की कुणाला काही शंका. मॅडम उभ्या राहिल्या.

"डॉक्टर साहब, आप महीने में एक दिन आते हैं. बाकी दिन इन मरीज़ों को कौन देखता है?"

सर्जन हसले. हात जोडून म्हणाले, "मैडम, आपके रहते उज्जैन में हमें क्या चिंता."

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. ज्यांना आपण मॅडमचा मान राखतोय असं वाटत होतं, त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. मॅडम टाळ्या संपेपर्यंत उभ्याच होत्या.

"ठीक है. तो चाबी दीजिए."

"कौन सी चाबी?"

"जो स्क्रू आपने कसा, उसकी. देखना मुझे है तो चाबी भी मेरे पास रहनी चाहिए. फल आप खाएँ और छिलके मैं उठाऊँ, यह कौन सी व्यवस्था है?"

मालक लगबगीनं पुढे आला. "मैडम, पहले नाश्ता तो लीजिए." लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कचोऱ्या आल्या. सर्जननी जाताना नक्की पाठवतो म्हणून सांगितलं. पाठवली नाही. मला अजून त्या टाळ्यांचा राग येतो. एका बाईनं फुकट राबावं, याला सगळ्या हॉलनं मान म्हटलं आणि ते खाऊनपिऊन घरी गेले.

मग पितृपंधरवडा लागला. मॅडमनी शेवटी डेंटल कॉलेजातल्या आपल्या एका जुन्या मैत्रिणीला मुंबईत चावी शोधायच्या कामाला लावलं होतं, पण ती अजून हाती आली नव्हती. मॅडमनी गुरुजींना बोलावून स्पष्ट सांगितलं की या दिवसांत बोलणं कमी करा, चावणं बंद करा, नाहीतर बाकीच्या खुंटांवर भार येईल.

गुरुजींनी हात जोडले. "मॅडम, हे पंधरा दिवस जाऊ द्या. माझी माणसं निघाली आहेत तिकडून. अमावास्येनंतर तुम्ही म्हणाल ते करू."

"अमावास्येनंतर मी काय म्हणायचं ते उरेल का?"

"पण मी नाही बसलो तर त्यांच्या वडिलांचं नाव कोण घेईल?"

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही नाही येत, तर मी येते."

आणि त्या खरंच जायला लागल्या. सकाळी मोपेडवर मला मागं बसवून घाटावर. गुरुजींचे एक यजमान उठले आणि दुसरे बसायचे होते, तेवढ्या वेळात मॅडम पायरीवर बसायच्या, बॅटरी लावायच्या, पिचकारीनं औषधाचं पाणी ओळीखालून सोडायच्या. गुरुजी क्षिप्रेकडे पाठ करून चूळ टाकायला वरच्या नळाशी जायचे. आजूबाजूचे गुरुजी हसायचे. "नारायण, तुझी डॉक्टरीण आली रे." दर्भ, तीळ, पिंड आणि मधे पांढऱ्या डगल्यातली ही बाई. एका यजमानानं घाबरून मला विचारलं, या बाई कोण आणि या कर्मात त्यांचं काय काम. मी म्हटलं, त्या नाव नीट यावं म्हणून आल्या आहेत. त्याला ते पटलं असावं, कारण त्यानं सरकून जागा दिली.

रोज गाल थोडा जास्त सुजलेला दिसायचा. मॅडम रोज सांगायच्या, आज थांबा. गुरुजी रोज मान डोलावून पुढच्या आसनावर जाऊन बसायचे. मॅडमचा राग तेव्हा गुरुजींवर नव्हता, हे त्यांच्या मोपेड चालवण्यावरून कळायचं. काचेच्या दाराच्या सेंटरवरून जाताना त्या हॉर्न दाबून ठेवायच्या.

चावी आली ती अमावास्येनंतर. मैत्रिणीनं कुठूनतरी पैदा केली होती आणि गाडीनं येणाऱ्या कुणाच्यातरी हाती पाठवली होती. मॅडमनी ओळ उघडली. डावीकडचे दोन खुंट बोटानं हलत होते. हाड गेलं होतं. एक्स-रे बघायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी काढला, बघितला, मला दाखवला. मग ते दोन खुंट त्यांनी काढले. मी त्यांच्याकडे होतो त्या सगळ्या वर्षांत एवढाच एक तास त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. शेवटी गुरुजीच म्हणाले, "मॅडम, काहीतरी बोला ना. तुम्ही अशा गप्प असल्या की भीती वाटते."

मॅडम हात धुवायला वळल्या. "एक स्क्रू सैल होता, गुरुजी. आषाढात कसायला दोन मिनिटं लागली असती." एवढं बोलून त्या हात धुत राहिल्या. नळ बंद करायला मला उठावं लागलं.

उरलेले दोन खुंट घट्ट होते. जखम भरल्यावर मॅडमनी त्यांच्यावर अडकून बसेल अशी, रोज काढून धुता येईल अशी कवळी केली. ती पहिल्या ओळीइतकी छान नव्हती. पण मॅडमनी ती सोडली नाही. गुरुजींना खुर्चीत बसवून त्या यजमानांच्या पूर्वजांची नावं म्हणायला लावायच्या. सदाशिव, वसंत, सरस्वती. कुठे 'स' फुसकला की कवळी बाहेर, थोडी घासायची, पुन्हा आत. "पुन्हा म्हणा." बाहेर बाकावर बसलेल्या एका मारवाडी आजींनी तक्रार केली की सुबह-सुबह दवाखाने में सराध क्यों चल रहा है. मॅडमनी आतून सांगितलं, "आप भी आ जाइए, मुँह खोलकर बैठिए." आजी बसून राहिल्या. त्या वर्षी नसलं, तरी पुढच्या वर्षी गुरुजींच्या तोंडून नावं पुन्हा सुटी सुटी यायला लागली.

पण मॅडमचं समाधान झालं नाही. गुरुजी ओळखीचे होते म्हणून सापडले. सेंटरनं आणखी कितीजणांच्या जबड्यात असे खुंट ठोकले होते, आणि त्यांना कुणी सांगितलं होतं की भूल जाइए? सेंटरवाला नावं देईना. मग मॅडमनी जिन्याच्या तोंडाशी एक पाटी लावली. ज्यांनी कुठेही स्क्रूचे दात बसवले आहेत, त्यांनी दुखत नसताना तपासायला यावं, तपासणी फुकट.

आठवड्याच्या आत गावातल्या दंतवैद्यांची चार-पाच प्रतिष्ठित मंडळी वर आली. सेंटरची पोस्टरं सगळ्या गावात लागली होती, तेव्हा यांच्यापैकी कुणाच्या पायाला त्या काचेच्या दारापर्यंत जायची ताकद आली नव्हती.

"मैडम, यह तो विज्ञापन हुआ. हमारे पेशे में यह शोभा नहीं देता."

मॅडम खुर्चीतून उठल्या. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "दात बसवण्याची जाहिरात चालते. बसवलेले सांभाळण्याची चालत नाही. ठीक आहे. मग तुमच्यातला एकजण रोज इथं बसा, मी पाटी काढते." कुणी बसायला आलं नाही, पाटीही निघाली नाही. मंडळींनी मॅडमना बैठकींना बोलवायचं बंद केलं. पाटी वाचून थोडी माणसं आली. काहींचं वेळेवर सापडलं, काहींचं नाही. सेंटर काही काळानं बंद पडलं आणि त्या काचेच्या दारामागं मोबाइलचं दुकान आलं. लाइफटाइमवाल्यांचे पत्ते त्या मालकाबरोबर कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही.

पुढे मी इंदूरला स्वतःचं काम सुरू केलं. मॅडमचा दवाखाना त्यांच्या हातांनी बंद पाडला. हात कापायला लागले होते. मी अधूनमधून जायचो. शेवटचा गेलो ती सर्वपित्री अमावास्या होती, दुपार कलली होती. माधवनगरच्या घराच्या ओसरीत मॅडम वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. डगला नव्हता, बॅटरी मांडीवर होती.

"तुझ्या पेशंटना परत बोलावतोस का?" आल्याआल्या त्यांनी विचारलं.

"बोलावतो."

"येतात का?"

"सगळे नाही येत."

"मग घरी बसून काय करतोस? जाऊन आण ना." मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, "त्या सेंटरची बाकीची माणसं कुठं असतील रे?"

तेवढ्यात फाटकातून गुरुजी आले. घाटावरून थेट आले होते, धोतराचा सोगा अजून ओला, दिवसभर बोलून आवाज बसलेला. हंगाम संपल्याच्या दिवशी येऊन दाखवून जायचं, हा ते दोन खुंट काढल्यापासून मॅडमनी त्यांच्यासाठी घातलेला वेगळा नियम होता. ते समोरच्या स्टुलावर बसले. मॅडमनी बॅटरी उचलली, पण उजेड एका जागी ठरेना. गालावर, नाकावर, भिंतीवर. त्यांनी दोन वेळा प्रयत्न केला आणि बॅटरी माझ्याकडे फेकल्यासारखी दिली.

"धर. आणि नीट बघ. ठीक आहे म्हणून सांगू नकोस, काय दिसतं ते सांग. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. यांचं तू बघायचंस. इंदूर काही लांब नाही."

गुरुजींना ते सहन झालं नाही. भला माणूस. त्यांनी आपल्या परीनं धीर दिला, आणि त्यांच्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यात मोठं होतं तेच दिलं. "मॅडम, असं काय बोलता. आणि तुमचं तर मी स्वतः करीन. एकदम शास्त्रशुद्ध. तुम्ही बिलकुल चिंता करू नका."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. कापणाऱ्या हातानं त्यांनी गुरुजींची हनुवटी धरली.

"माझं नंतर करा," त्या म्हणाल्या. "आधी तोंड उघडा."

गुरुजींनी तोंड उघडलं.